श्रमदान करू हो. पण एसटीचं भाडं कोण देणार?

समजा, तुम्ही जत तालुक्यातल्या एखाद्या गावात राहता. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहात. वर्गातल्या चौघांना गोळा करून तुम्ही ठरवलं, की दर पंधरा दिवसांनी गावातल्या तीस विहिरींची पाणीपातळी मोजायची, चावडीसमोरच्या फळ्यावर लिहायची आणि यंदा टँकर कधी लागेल हे उन्हाळ्याच्या आधीच गावाला सांगायचं. कल्पना भारी आहे. सरपंच म्हणाले, ‘छान, करा.’ सरांनी पाठ थोपटली. आता खर्च मांडा. मोजायची टेप, पेट्रोल, मोबाइलचा रिचार्ज, फळ्याचा रंग, तालुक्याला जायचं एसटीचं भाडं. आणि सगळ्यात मोठा खर्च वहीत कुणी लिहीतच नाही. चौघांतले दोघं रविवारी द्राक्षबागेत कामाला जातात. मोजणीच्या रविवारी त्यांचा रोज बुडणार. तो कोण भरून देणार?

ओढूनताणून सगळा हिशेब वर्षाला चाळीस हजारांत बसेल. एखाद्या सत्काराच्या मंडपाला याहून जास्त जातात. तरीही जत, आटपाडी, माण, खटावमधल्या वीस-बावीस वर्षांच्या पोरापोरींना हे चाळीस हजार देईल, असं दार आज शोधून सापडत नाही. बक्षीस आहे, ढाल आहे, प्रमाणपत्र आहे, ‘पर्यावरणदूत’ म्हणून फोटो आहे. काम सुरू करायला लागणारा पहिला रुपया मात्र नाही.

हवामानबदलाचा फटका ज्या घरांना आधी बसतो, त्या घरांतल्या तरुणांना त्यावर काम करण्यासाठी थेट, छोटा आणि बिनअटीचा पहिला पैसा मिळाला पाहिजे. हा उपकार नाही. ती या दोन जिल्ह्यांची गरज आहे.

इकडे पूर, तिकडे टँकर

आपला भूगोल आठवा. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्याच सातारा जिल्ह्यात माण तालुक्याच्या वाट्याला पाचशेच्या आसपास येतो, तोही लहरीनं. सांगलीचं तेच. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेनं ५७ फुटांची पातळी ओलांडली. ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला माणसं बाहेर काढणारी बोट उलटली. त्याच दिवसांत जत आणि आटपाडीतली गावं टँकरची वाट बघत होती. २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा पूर आला आणि पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं दरडी कोसळून माणसं गाडली गेली. त्याआधी एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली. पहिल्या फेरीत पाच लाख लिटर. सांगलीनं लातूरची तहान भागवली याचा अभिमान आहेच. पण सांगलीचाच जत तालुका तेव्हाही तहानलेला होता.

म्हणजे हवामानबदल शिकायला आपल्याला परदेशातल्या परिषदेला जायची गरज नाही. शिरवळहून जतपर्यंत एसटीनं गेलं की झालं.

‘पूर काय जात विचारून येतो का?’

हा प्रश्न कॉलेजच्या कट्ट्यावर हमखास येतो. प्रामाणिक प्रश्न आहे, त्यामुळे नीट उत्तर देऊ. पूर जात विचारत नाही. पण नदीकाठच्या सखल जागेत कोण राहतं, कुणाचं घर पत्र्याचं आणि कुणाला वरचा मजला आहे, हे पूर येण्याच्या कितीतरी आधी ठरलेलं असतं. पंचनाम्याला तलाठी येतात, तेव्हा सातबाऱ्यावरच्या पिकाची नोंद होते. त्याच शेतात खुरपायला जाणाऱ्या बाईचे बुडालेले रोज कुठल्या रकान्यात लिहायचे? दुष्काळ पडला, की विहीरवाला बोअर आणखी खोल नेतो, मेंढपाळ कळप घेऊन लांबचा रस्ता धरतो आणि भूमिहीन कुटुंब मुलांसकट ऊसतोडीला जातं. मुलगी शाळेच्या हजेरीपटावर राहते, वर्गात दिसत नाही.

अमेरिकेत हाच प्रश्न रंगाच्या भाषेत विचारला गेला. १९७९ मध्ये ह्यूस्टनमधले समाजशास्त्राचे प्राध्यापक रॉबर्ट बुलार्ड यांनी आपल्या विद्यार्थ्यांना हाताशी धरून शहरातले कचरा डेपो कुठे आहेत ते शोधलं. शहराच्या लोकसंख्येत कृष्णवर्णीय साधारण चौथा हिस्सा होते, पण महापालिकेच्या मालकीचे पाचही डेपो त्यांच्याच वस्त्यांत निघाले. कॉलेजच्या पोरांनी गोळा केलेली माहिती होती ती! पुढे दुसरा प्रश्न आला. पर्यावरणाच्या नावानं देणग्यांचा एवढा पैसा वाहतो, तो या वस्त्यांतल्या संघटनांपर्यंत पोहोचतो का? फारच थोडा पोहोचतो, असं दिसलं. म्हणून २०२१ मध्ये ‘डोनर्स ऑफ कलर नेटवर्क’ या देणगीदारांच्या गटानं मोठ्या प्रतिष्ठानांकडे जाहीर मागणी केली: हवामानासाठी अमेरिकेत देता त्या पैशातला किमान ३० टक्के वाटा कृष्णवर्णीय, मूलनिवासी आणि इतर वर्णांच्या लोकांनी चालवलेल्या संघटनांना द्या, आणि किती दिला ते उघड सांगा.

आपल्याकडे रंगाच्या जागी जात, जमीन आणि बाईपण ठेवा. चित्र ओळखीचं वाटेल. फरक एवढाच, की आपल्याकडे असं कुणी अजून विचारलेलं नाही. सांगली-साताऱ्यात हवामान, पाणी, पर्यावरण या नावांनी खर्च होणाऱ्या पैशातला किती पैसा दलित, भटक्या-विमुक्त, भूमिहीन घरांतल्या तरुणांच्या हातात जातो? हा आकडा मागायला काय हरकत आहे?

तीन दारं, तीन कुलपं

आता आपल्या जतच्या चौघांना घेऊन पैसे मागायला निघू.

पहिलं दार कंपन्यांच्या सीएसआरचं. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचा दोन टक्के भाग सामाजिक कामावर खर्च करावाच लागतो. पण बाहेरच्या संस्थेमार्फत काम करायचं, तर ती संस्था नोंदणीकृत हवी, तिच्याकडे प्राप्तिकराची १२ए आणि ८०जी प्रमाणपत्रं हवीत आणि साधारणपणे तीन वर्षांच्या कामाचा अनुभव हवा. शिवाय कंपनीनं आपल्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं, असं कायदाच म्हणतो. मोठे कारखाने कुठे आहेत? शिरवळ, सातारा, कुपवाड या पट्ट्यात. माण आणि जतच्या माळावर असे मोठे कारखाने फारसे नाहीत, म्हणून तिथं सीएसआरही अडखळत पोहोचतो.

दुसरं दार परदेशी निधीचं. जगभर तरुणांसाठी हवामानाच्या फेलोशिप आणि अनुदानं निघतात, इन्स्टावर जाहिराती दिसतात. पण परदेशी पैसा घ्यायला संस्थेला एफसीआरए नोंदणी लागते. त्यासाठी संस्था किमान तीन वर्षं जुनी हवी आणि त्या तीन वर्षांत तिनं कामावर १५ लाख रुपये खर्च केलेले हवेत. पूर्वपरवानगीचा वेगळा रस्ता आहे, पण तिथंही नोंदणीकृत संस्था लागतेच. पूर्वी मोठी संस्था असा निधी घेऊन गावातल्या छोट्या गटाला पुढे देऊ शकायची. २०२० च्या दुरुस्तीनं तेही बंद केलं. परदेशी पैशावर सरकारची नजर असू नये असं कुणी म्हणत नाही. पण त्या नियमात चाळीस हजारवाला आणि चाळीस कोटीवाला एकाच चाळणीतून जातात.

तिसरं दार सरकारचं. आपल्याकडे बार्टी, सारथी, महाज्योती आहेत. त्यांच्यामुळे कितीतरी पोरं पीएचडी करू शकली, यूपीएससी-एमपीएससीच्या क्लासला बसू शकली. या संस्थांचं मोल मोठं आहे. पण नीट बघा: या शिष्यवृत्त्या प्रामुख्यानं शिकायला किंवा स्पर्धा परीक्षेला मिळतात. गावात राहून गावाच्या पाण्यावर वर्षभर काम करायचं असेल, तर त्यासाठी रकाना नाही. म्हणजे हुशार पोरीनं गाव सोडायचं ठरवलं, तर व्यवस्था तिच्या पाठीशी. राहायचं ठरवलं, तर तिचं तिनं बघावं.

तिन्ही दारांवर पाटी एकच: आधी अनुभव आणा. अनुभव कुठून आणायचा, ते पाटीवर लिहिलेलं नाही.

फुकट काम कुणाला परवडतं?

इथं एक नाजूक मुद्दा. पाणी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा २०१६ मध्ये तीन तालुक्यांत सुरू झाली, त्यातला एक आपला कोरेगाव. पहिल्याच वर्षी कोरेगावच्या वेळू गावानं पहिलं बक्षीस मिळवलं, ५० लाखांचं. २०१८ मध्ये माणच्या टाकेवाडीनं राज्यात पहिला नंबर काढला. या गावांनी जे केलं, त्याला सलामच. भर उन्हाळ्यात गाव एकत्र येऊन चर खोदतं, ही साधी गोष्ट नाही. तुमच्यातल्या अनेकांनी १ मेच्या महाश्रमदानाला टिकाव मारलाही असेल.

पण श्रमदानाचं गणित सगळ्यांना सारखं नसतं. विहीर असलेल्या शेतकऱ्यानं चर खोदला, तर मुरलेलं पाणी उद्या त्याच्या विहिरीत येण्याची आशा असते. भूमिहीन मजूर त्याच चरात घाम गाळतो, तेव्हा त्याचा दिवसाचा रोज जातो आणि पाणी दुसऱ्याच्या शेताखाली मुरतं. दोघांचा फोटो एकच, हिशेब वेगळा.

कॉलेजातही असंच आहे. एनएसएसचे दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचं शिबिर. चांगला अनुभव असतो. पण शिबिरात पुढाकार कोण घेतं, ‘उत्कृष्ट स्वयंसेवक’ कोण होतं? ज्याला संध्याकाळी घरी जाऊन शेळ्या बघायच्या नाहीत, ज्याला सुट्टीत हॉटेलात काम करायचं नाही, तो. बाकीचे मागे राहतात आणि आपण म्हणतो, ‘त्यांना इंटरेस्टच नाही.’ नेतृत्व करायला वेळ लागतो, आणि गरीब घरात वेळ विकून भाजी आणावी लागते. पर्यावरणाचं काम जोवर फुकटात चालेल, तोवर त्याचे म्होरके सुखवस्तू घरातलेच राहतील. त्यात त्यांचा दोष नाही. पण मग प्रश्नही त्यांच्याच नजरेतून दिसणार: झाडं, प्लास्टिक, सेल्फी पॉइंट. टँकरच्या रांगेत पहिली घागर कुणाची, हा प्रश्न यादीत येणारच नाही.

हे आपण आधी केलंय

‘पण एवढा पैसा आणायचा कुठून?’ असं विचारणाऱ्यांनी आपल्याच जिल्ह्यांचा इतिहास बघावा.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी ४ ऑक्टोबर १९१९ ला कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था सुरू केली, तेव्हा त्यांच्याकडे कुठला तीन वर्षांचा ताळेबंद होता? साताऱ्याच्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत जेवत. त्या मुलांसाठी घरोघरी मूठ मूठ धान्य गोळा व्हायचं. मुष्टिफंड म्हणायचे त्याला. लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. ज्या घरातून मूठभर ज्वारी यायची, त्या घरानं त्या पोराकडे प्रस्ताव मागितला नव्हता. पोरगं शिकायचं म्हणतंय, एवढं पुरेसं होतं.

सांगली जिल्ह्यात येरळेच्या काठी तर याहून थेट उदाहरण आहे. १९८० च्या दशकात खानापूर तालुका दुष्काळानं पोळला होता, मुंबईच्या गिरणी संपानंतर कामगार गावी परतले होते आणि येरळेची वाळू ठेकेदार उपसून नेत होते. डॉ. भारत पाटणकर आणि मुक्ती संघर्ष चळवळीतल्या शेतकरी-मजुरांनी म्हटलं, नदी आमची, तर तिच्या वाळूचा पैसाही नदीसाठीच. मोजकी वाळू विकून त्यांनी बळवडी-तांदूळवाडीच्या बळीराजा धरणासाठी पैसा उभा केला. कॉलेजचे विद्यार्थी श्रमदानाला आले. आणि धरणाइतकीच मोठी होती ती पाणीवाटपाची अट: पाणी जमिनीच्या एकरांवर नाही, कुटुंबावर वाटायचं, भूमिहीनालाही त्याचा हिस्सा. हवामानन्याय हा शब्द तेव्हा कुणी ऐकलेला नव्हता. काम मात्र तेच होतं.

कागदांच्या कुलपाची गोष्ट म्हसवडलाही घडली. चेतना सिन्हा आणि तिथल्या बायकांनी बँक काढायचं ठरवलं, तेव्हा अर्जावर अंगठे आहेत म्हणून रिझर्व्ह बँकेनं परवानगी नाकारली. बायका लिहायला-वाचायला शिकल्या, परत गेल्या आणि म्हणाल्या, व्याजाचा हिशेब घाला, तुमच्या माणसांपेक्षा आम्ही आधी सांगतो. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. अनुभव नसलेल्यांवर विश्वास टाकला तर काय होतं, हे माण तालुक्यानं दाखवून दिलंय.

मग मागायचं काय?

एक: प्रत्येक जिल्ह्यात ‘पहिला रुपया’ निधी. तीन ते पाच जणांच्या गटाला पंचवीस ते पन्नास हजार. वय १८ ते २५. संस्था नोंदणीची अट नाही. पैसा कॉलेजच्या किंवा ग्रामपंचायतीच्या खात्यातून टप्प्याटप्प्यानं द्यावा. जिल्हा वार्षिक योजनेत नावीन्यपूर्ण योजनांसाठी निधी ठेवायची सोय आहे, तिथून सुरुवात होऊ शकते. अनुसूचित जाती उपयोजना आहे. बार्टी, सारथी, महाज्योतीनं एक वर्षाची ‘गावात राहून काम’ अशी अधिछात्रवृत्ती काढावी. आणि आपल्या दोन्ही जिल्ह्यांत साखर कारखाने, दूध संघ, सहकारी बँका कमी आहेत का? कृष्णेच्या पाण्यावर ज्यांची भरभराट झाली, त्यांनी माणदेशातल्या विहिरी मोजणाऱ्या पोरांना एसटीचं भाडं द्यायला काय हरकत आहे?

दोन: अर्थसंकल्पात मानधन हा रकाना हवा. बुडालेला रोज हा खर्चच आहे.

तीन: अर्ज मराठीत, एका पानाचा. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगायची मुभा. निवड समितीत निम्म्या बायका, आणि पूरग्रस्त वस्तीतले, दुष्काळी वाडीतले लोक.

‘पैसे खाल्ले तर?’ हा आक्षेप येणारच, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. उपाय जुना आहे: हिशेब ग्रामसभेत मोठ्यानं वाचायचा आणि चावडीवर लावायचा. चाळीस हजारांचा हिशेब गावाला तोंडपाठ होतो. लपवायला जागा उरत नाही. दुसरा आक्षेप, ‘पैसा आला की चळवळ विकली जाते.’ जाऊ शकते. म्हणून तर पैसा छोटा हवा, अनेक हातांतून यायला हवा, आणि देणाऱ्यानं पूर-दुष्काळाबद्दल काय बोलायचं हे ठरवायला नको. पण लक्षात घ्या, हा सल्ला नेहमी ज्यांचं घर पगारावर चालतं तेच देतात.

तुम्ही काय कराल?

यासाठी जीआर निघायची वाट बघू नका. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, या चारपैकी जी ग्रामसभा जवळ असेल, तिला जा. दोनच प्रश्न विचारा. वित्त आयोगाच्या निधीतला मोठा भाग पाणी आणि स्वच्छतेसाठीच असतो. आपल्या गावात तो कुठे खर्च झाला? आणि ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातला मागासवर्गीयांसाठीचा १५ टक्के आणि महिला-बालकांसाठीचा १० टक्के भाग कशावर गेला? उत्तर वहीत लिहून घ्या. तारीख घाला.

एनएसएसच्या पुढच्या शिबिरात एक दिवस झाडं लावण्याऐवजी गावाचा नकाशा काढा: २०१९ मध्ये पाणी कुठवर आलं, कुणाची घरं त्यात होती, कुठली विहीर कोणत्या महिन्यात आटते. ह्यूस्टनच्या पोरांनी हेच केलं होतं. आणि त्या दिवशी जो मित्र कामावरून सुट्टी घेऊन आला असेल, त्याच्या रोजाची वर्गणी वर्गात काढा. वीस-वीस रुपये. लाज वाटू देऊ नका, मुष्टिफंडही असाच उभा राहिला होता.

हे एकदा करून बघा. मग तो नकाशा, ती वही आणि वर्गणीचा हिशेब घेऊन जिल्हाधिकारी कार्यालयात जा. अनुभव आणा म्हणाले होते ना? हा घ्या, म्हणावं.